वांचलेल्या श्रमांचा वांटा

हार्बर मार्गावर रे रोड आणि शिवडी यांच्या दरम्यान कॉटन ग्रीन नांवाचें एक स्थानक आहे. रोज सहस्रावधि लोक तेथें चढतात व उतरतात. परंतु कापसाचा व हिरवळीचा या जागेशीं संबंध काय, हा प्रश्न त्यांच्यापैकीं फार थोड्यांच्या मनांत येत असेल. स्थानकाच्या पूर्वेस, बंदराच्या अंगाला, जुन्या वखारींच्या रांगा आहेत आणि जवळच कापूस-बाजाराची भव्य इमारत उभी आहे. रुईच्या व्यापाऱ्यांच्या संघाची कचेरी अजूनहि तेथेंच आहे. पण ज्या गजबजाटासाठीं ही इमारत बांधली, तो मात्र आतां तेथें नाहीं. माझें बाळपण या स्थानकाच्या पश्चिमेला, काळाचौकीच्या एका चाळींत गेलें, आणि माझे वडील रुईच्या एका दलालाच्या पेढीवर कारकून होते. म्हणून या जागेविषयीं मला जें ममत्व वाटतें, तें वाचकांनीं समजून घ्यावें.

हा लेख लिहिण्यास कारण मात्र निराळें घडलें. कांहीं महिन्यांपूर्वीं तास संपल्यावर माझ्या वर्गांतील एक विद्यार्थिनी टेबलापाशीं थांबली व म्हणाली, "सर, आमची पदवी पदरांत पडेपर्यंत आम्हांला करायला कांहीं काम शिल्लक राहील का ?" तिचा वडील भाऊ लोअर परळच्या एका कचेरींत हिशेबाचें काम करतो. पत्रांचे मसुदे, हिशेबांची छाननी, अहवाल हीं कामें तेथें आतां संगणकांतील कृत्रिम बुद्धिमत्ता घटकाभरांत करून देते, आणि त्याच्या खात्यांत ज्या जागा रिकाम्या झाल्या त्या पुन्हां भरल्या गेल्या नाहींत. मीं तिला, "शिकलेल्या माणसाला काम मिळतेंच," असें ठरीव उत्तर दिलें. घरीं येतांना मला आठवलें कीं, हेंच वाक्य चाळीस वर्षांपूर्वीं वडिलांनीं मला सांगितलें होतें, आणि त्यांच्या स्वतःच्याच बाबतींत तें खरें ठरलें नव्हतें. त्या मुलीला अधिक विचारपूर्वक उत्तर देणें माझें कर्तव्य आहे असें वाटून, ज्या दोन-चार मैलांच्या टापूंत कामाची जागा गेल्या दीडशें वर्षांत वारंवार पालटली, त्या टापूचा इतिहास मीं या एका दृष्टीनें पुन्हां चाळून पाहिला.

प्रथम या नांवाचीच कथा पाहूं. मुंबईच्या कोटांत सेंट थॉमसच्या देवळासमोर जें मोकळें मैदान होतें, त्याला इंग्रज लोक 'ग्रीन' म्हणत, आणि परदेशीं जाणाऱ्या रुईचे ढीग त्या मैदानावर पडत. १८४४ सालीं हा व्यापार कुलाब्याला हलला, तेव्हां 'कॉटन ग्रीन' हें नांवहि त्याच्याबरोबर तिकडे गेलें. पुढें पोर्ट ट्रस्टनें माझगांव व शिवडी यांच्यामधील समुद्र हटवून जमीन केली, तींत वखारी, रूळ व रस्ते बांधले, आणि १९२० नंतरच्या दशकांत रुईचा बाजार पुन्हां जागा बदलून येथें आला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला या हार्बर मार्गावर हिंदुस्थानांतील पहिली विजेची गाडी धांवली, ती याच सुमाराची गोष्ट. तात्पर्य, येथील हिरवळ ही दुसऱ्या ठिकाणाहून आलेल्या नांवांतली हिरवळ आहे. कामाची जागा स्थिर असते, हा आपला समज किती भ्रामक आहे, हें या एका नांवावरूनहि ध्यानांत येईल.

जागा बदलली तशी कामाची रीतहि बदलली. वऱ्हाड, खानदेश, गुजराथ येथून सरकी काढलेली रुई गाठींच्या रूपानें येथें येई. वऱ्हाडी रुईला लिव्हरपूलच्या बाजारांत अमरावतीवरून 'उमरा' हें नांव पडलेलें होतें. गाठींतून चिमूटभर नमुना घेऊन जाणता मनुष्य तो अंगठा व तर्जनी यांच्यामध्यें धरून पुन्हां पुन्हां ओढी, तंतु एकमेकांशीं समांतर करी, आणि त्यांची लांबी, ताकद व मऊपणा नुसत्या बोटांनीं व डोळ्यांनीं सांगे. हें ज्ञान पुस्तकांत नव्हतें. तें वर्षानुवर्षांच्या उमेदवारीनें बोटांत उतरे. आज तेंच काम एक यंत्र करतें. तंतूची लांबी, ताकद, तलमपणा, रंग हीं सर्व मोजून त्याचे आंकडे तें थोड्या वेळांत कागदावर छापून देतें. गंमत अशी कीं, रुईचा भाव मात्र आजहि जुन्या खंडीवरच सांगतात, आणि ती खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारें ३५६ किलोंची असते. शब्द टिकले, बोटें गेलीं.

पण यावरून यंत्र आलें कीं काम संपलें, असा घाईचा सिद्धान्त काढूं नये. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चालू असतां मुंबईच्या रुईला सोन्याचें मोल आलें, आणि युद्ध संपतांच अनेक पेढ्या कोसळल्या, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्याच १८६५ सालीं इंग्लंडशीं तारेचा संबंध जुळला, व १८७० सालीं समुद्राखालून थेट तार आली. लिव्हरपूलच्या भावाची जी खबर आगबोटीनें आठवड्यांमागून आठवडे वाट पाहिल्यावर मिळे, ती कांहीं तासांत मिळूं लागली. खबर आधीं मिळविणें हाच ज्यांचा धंदा होता, त्यांचा धंदा बुडाला. परंतु दलाली बुडाली नाहीं. उलट वायद्याचे व्यवहार वाढले, तार लिहिणारे, हिशेब ठेवणारे, पंचायत करणारे असे नवे लोक लागले, आणि १९२० नंतर लवकरच या सर्व व्यवहाराला नियम घालून देणारी ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन उभी राहिली. यंत्रानें काम जातें हें विधान जसें एकांगी, तसेंच यंत्र नेहमीं नवें काम देतें हेंहि एकांगीच. कोणाचें गेलें व कोणाला मिळालें, हें पाहिल्यावांचून या दोन्ही वाक्यांत फारसा अर्थ नाहीं.

आतां रुईच्या मागोमाग गिरण्यांकडे वळूं. कावसजी नानाभाई दावर यांच्या गिरणीची कंपनी १८५४ सालीं निघाली, व १८५६ सालीं ती गिरणी ताडदेव येथें चालू झाली. त्यानंतरचीं चाळीस-पन्नास वर्षें गिरणीचा दिवस हा सूर्याचा दिवस होता. उजाडलें कीं काम सुरू व्हावें, आणि दोरा दिसेनासा झाला कीं तें थांबावें. या दिवसालाहि आठवड्याची सुट्टी अशी नव्हती. १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारें साडेपांच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुट्टी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, वेळेवर पगार, अशा त्यांच्या मागण्या होत्या. आज त्या वाचतांना, एवढ्यासाठींहि अर्ज करावा लागला याचें आश्चर्य वाटतें. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुट्टी मान्य केली, आणि पुढच्याच वर्षीं आठवड्याच्या सुट्टीला कायद्याचा आधार मिळाला.

विसाव्या शतकाच्या आरंभीं गिरण्यांत विजेचे दिवे आले. दिवा हें कोणाच्या हातचें काम काढून घेणारें यंत्र नव्हे; चांगल्या उजेडानें कामगाराचें काम सुसह्यच व्हावयाचें. पण १९०५ सालीं धंद्याला बरकत येतांच, सूर्याची जी मर्यादा होती ती या दिव्यानें पुसून टाकली, आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. कामगार खवळले, कांहीं ठिकाणीं दंगे झाले, वर्तमानपत्रांतून टीका झाली. १९०७-०८ सालीं चौकशीचें कमिशन बसलें, आणि १९११ च्या कायद्यानें कापडगिरणींतील प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांचा ठरला. १९२२ सालीं तो अकरा तासांवर, १९३४ च्या कायद्यानें दहा तासांवर आला, आणि १९४६ सालीं आठवड्याचे तास अठ्ठेचाळीस झाले. हें शेवटचें विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरखात्याचे सभासद असतांना मांडलें गेलें. वाचकांनीं या इतिहासाकडे क्षणभर लक्ष द्यावें. उजेड १९०५ सालीं विजेचाच होता, व १९४६ सालींहि विजेचाच होता. पहिल्या सालीं त्यानें माणसाचा दिवस लांबविला, आणि दुसऱ्या सालीं त्याच उजेडाखालीं तो आंखूड झाला. फरक पडला तो दिव्यांत नव्हे. मधल्या चाळीस वर्षांत दिवसाच्या लांबीविषयीं काय ठरलें, यांत पडला.

दुसरें उदाहरण १९२८ चें आहे. पहिल्या महायुद्धानंतर जपानी कापडाच्या स्पर्धेनें मुंबईच्या गिरण्या अडचणींत आल्या होत्या, हें मान्य केलें पाहिजे. जपानांत १९२४ सालीं टोयोडा यांचा स्वयंचलित माग पुरा झाला होता, आणि तसले माग एक मनुष्य डझनांनीं सांभाळूं शके. मुंबईचा विणकर मात्र बहुधा दोनच सांचे चालवी. तेव्हां दोनाऐवजीं तीन सांचे व कताईंत एका बाजूऐवजीं दोन बाजू एकेका कामगारावर सोंपवाव्या, अशी योजना मालकांनीं काढली. तिला 'रॅशनलायझेशन' हें नांव होतें. कामगारांचा प्रश्न साधा होता. तिसऱ्या सांच्यामुळें जो विणकर घरीं बसेल, त्याचें काय ? आणि जो कामावर राहील, त्याच्या वाढलेल्या कामाच्या मानानें त्याचा पगार कितीसा वाढेल ? या प्रश्नांचें समाधानकारक उत्तर न मिळाल्यामुळें एप्रिल १९२८ मध्यें संप सुरू झाला आणि तो ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारें दीड लाख कामगार सहा महिने बिनपगारी राहिले. गिरणी कामगार युनियनचे श्रीपाद अमृत डांगे आणि टेक्स्टाइल लेबर युनियनचे ना. म. जोशी हे अगदीं भिन्न मतांचे पुढारी या संपांत एका समितींत बसले. शेवटीं फॉसेट समितीकडे प्रश्न गेला, आणि १९२९ च्या मार्च महिन्यांत तिचा अहवाल येतो न येतो तोंच डांगे व इतर पुढारी मीरतच्या खटल्यांत पकडले गेले.

याच संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं एका गोष्टीकडे लक्ष वेधलें, तिचा उल्लेख केल्यावांचून हा वृत्तांत पुरा होत नाहीं. गिरणींत विणाईच्या खात्यांत पगार अधिक. परंतु त्या खात्यांत अस्पृश्य कामगारांना प्रवेश नसे, कारण धोट्यांतून दोरा तोंडानें ओढून काढावा लागे व त्याचा विटाळ इतर कामगार मानीत. सांचा हा लोखंडाचा. त्याला जात ठाऊक नव्हती. ज्यांनीं मालकाकडे न्यायाचा वांटा मागितला, त्यांनींच आपल्या शेजाऱ्याला तो नाकारला. कामाची जागा यंत्रापेक्षां माणसांच्या रिवाजांनीं अधिक घडते, याचें याहून खेदजनक उदाहरण मला ठाऊक नाहीं.

आतां पुन्हां बंदराकडे येऊं, कारण तिसरा पालट गोदींत झाला, आणि तो अशा वस्तूनें झाला कीं, तिला यंत्र म्हणणेंहि अवघड आहे. २६ एप्रिल १९५६ रोजीं अमेरिकेंतील नूअर्कहून 'आयडियल एक्स' नांवाचें जहाज लोखंडाच्या ५८ मोठ्या पेट्या घेऊन ह्यूस्टनला निघालें. गाठ, गोणी, पिंप अशी एकेक वस्तु माणसांनीं चढविण्याऐवजीं भरलेली पेटीच यारीनें उचलून जहाजावर ठेवणें, एवढीच ती युक्ति होती. तिच्यामुळें दिवसांचें काम तासांवर आलें. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांच्या संघानें मात्र पेट्यांची लाट येण्यापूर्वींच, १९६० सालीं, मालकांशीं करार केला. यंत्रें खुशाल आणा. पण नोंदलेल्या कामगाराला त्यापायीं काढतां येणार नाहीं, त्याला किमान मिळकतीची हमी राहील, आणि जो आधीं निवृत्त होईल त्याच्यासाठीं यंत्रांनीं वांचणाऱ्या पैशांतून निधि उभा राहील, असा त्याचा मथितार्थ होता. हा करार निर्दोष नव्हता. ज्यांनीं आधींच नांव नोंदविलें होतें त्यांना तो लाभला. पुढच्या पिढीला गोदींत तितक्या जागा उरल्या नाहींत. तरी वांचलेल्या श्रमांत कामगाराचा वांटा आहे, हें तत्त्व तेथें लेखी मान्य झालें.

आपल्याकडे २६ मे १९८९ रोजीं समुद्राच्या पलीकडे न्हावा-शेवा येथें नवें बंदर सुरू झालें, आणि पेट्यांचा व्यापार तिकडे गेला. कॉटन ग्रीनच्या वखारींसमोरचा गलबला हळूहळू ओसरला. ज्याच्या पाठीनें या शहराची संपत्ति वाहिली, त्या हमालासाठीं मात्र महाराष्ट्रांत एक उल्लेखनीय गोष्ट आधींच झाली होती. अण्णासाहेब पाटील यांनीं ज्यांची संघटना बांधली, त्या माथाडी कामगारांसाठीं १९६९ सालीं कायदा झाला. आज एका व्यापाऱ्याकडे तर उद्यां दुसऱ्याकडे ओझें वाहणारा हमाल म्हणजे कोणाचाच नोकर नव्हे, असा जो समज होता, तो या कायद्यानें मोडला. मंडळें स्थापन झालीं, आणि मजुरी, भविष्यनिर्वाह निधि, सुट्टी यांचा हिशेब मंडळामार्फत होऊं लागला. हल्लीं दुचाकीवरून घरोघर वस्तु पोंचविणारे तरुण 'आपण कोणाचे नोकर ?' असें विचारतात, तेव्हां आपल्या शेजारींच पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीं या प्रश्नाचें एक उत्तर शोधलें गेलें होतें, याची त्यांना व आपणां सर्वांना आठवण असावी.

चवथा पालट मीं स्वतः पाहिला. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या पुढारीपणाखालीं सुमारें अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. मी तेव्हां बारा वर्षांचा होतों. पहांटेच्या भोंग्यानें जागी होणारी आमची चाळ त्या दिवसापासून शांत झाली. पहिले दोन-तीन महिने उत्साहाचे गेले. मग समोरच्या बिऱ्हाडांतलीं पितळेचीं भांडीं एकेक करून बाजारांत गेलीं. माझ्या वर्गांतलीं दोन मुलें कोंकणांत गांवीं गेलीं, तीं परत आलींच नाहींत. तो संप कधीं रीतसर मागें घेतला गेला नाहीं. तो विरत गेला. पुष्कळ गिरण्यांतलीं यंत्रें जुनीं झालेलीं होतीं, विणाईचें काम भिवंडी, मालेगांव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे गेलें होतें, आणि गिरणीपेक्षां गिरणीखालची जमीन अधिक मोलाची झाली होती. १९९१ च्या विकास नियमावलींत, या जमिनीचा एक तृतीयांश शहराच्या मोकळ्या जागांना, एक तृतीयांश सार्वजनिक घरांना आणि उरलेला मालकाला, अशी वांटणी सुचविली होती. २००१ सालीं तो नियम बदलला, आणि वांटणी फक्त मूळच्या रिकाम्या जागेपुरती राहिली. २००५ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें शहराच्या बाजूनें निकाल दिला. मार्च २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला. गिरणी कामगारांच्या घरांसाठीं पहिली सोडत निघाली ती २०१२ सालीं, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनीं. मधल्या काळांत लोअर परळला कांचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. माझ्या विद्यार्थिनीचा भाऊ जेथें हिशेब तपासतो, तेथें पूर्वीं सूत निघत असे.

येथें मला एक कबुली दिली पाहिजे. त्या वर्षीं आमच्या घरांत गिरणी कामगारांविषयीं दया होती, पण भय नव्हतें. आपण लेखणीचे लोक, हातांनीं काम करणाऱ्यांवर जें येतें तें आपल्यावर येत नाहीं, असा आमचा निश्चय होता. वडील मला म्हणत, "तूं शीक, शिकलेल्याला काम मिळतेंच." पुढें दहा-बारा वर्षांनीं त्यांच्या पेढींत संगणक आला. लाल कापडाच्या बांधणीच्या ज्या जाडजूड वह्या ते तीस वर्षें सुवाच्य मोडणीनें लिहीत आले होते, त्या एका उन्हाळ्यांत बंद झाल्या. सात कारकुनांचें काम दोघांवर आलें, आणि त्या दोघांत वडील नव्हते. त्यांनीं कोणाकडे तक्रार केली नाहीं. तक्रार कोणाकडे करावी, हें त्यांना ठाऊक नव्हतें. गिरणी कामगाराजवळ निदान युनियन होती; कारकुनाजवळ फक्त आपली अब्रू होती, आणि ती राखण्यासाठीं तो गप्प बसला.

या सर्व इतिहासांतून मला जी एक गोष्ट दिसते, ती अशी. नवें साधन काय करूं शकेल, याची चर्चा आपण फार करतों. पण प्रत्येक साधन श्रम वांचवितें, आणि वांचलेले श्रम कोणाच्या तरी पदरांत पडतात. ते कोणाच्या पदरांत पडावे, हें साधन ठरवीत नाहीं. केन्स या अर्थशास्त्रज्ञानें १९३० सालीं असें भाकित केलें कीं, शंभर वर्षांनीं मनुष्याला आठवड्यांतून पंधरा तास काम पुरेल. ती मुदत आतां संपत आली आहे. उत्पादन वाढेल हा त्याचा तर्क चुकला नाहीं. वाढीचा वांटा विश्रांतीच्या रूपानें सर्वांना आपोआप मिळेल, हें त्याचें अनुमान चुकलें. वांटा मागितल्यावांचून मिळाल्याचें उदाहरण मला तरी या टापूच्या इतिहासांत आढळलें नाहीं.

या प्रकाशांत आजच्या कचेरीकडे पाहावें. २०२० च्या टाळेबंदींत कित्येकांची कचेरी घरांत आली, आणि खिशांतला फोन हा त्यांचा १९०५ चा दिवा झाला. रात्रीं दहा वाजतां वरिष्ठांचा निरोप येतो, आणि जेवणावरून उठून त्याला उत्तर जातें. कामाचा दिवस कोठें संपतो, हें कोणीच ठरविलेलें नाहीं. फ्रान्समध्यें २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर असे निरोप न पाहण्याच्या हक्काला कायद्यानें स्थान दिलें आहे. लोखंड्यांच्या रविवारचाच हा नवा अवतार म्हणतां येईल. कृत्रिम बुद्धिमत्ता हा आजचा तिसरा सांचा आहे. एका माणसानें दोघांचें काम केलें, तर दुसऱ्याचें काय, आणि पहिल्याला काय, हे १९२८ चेच दोन प्रश्न आज कचेरीच्या दारांत उभे आहेत. कोणी म्हणेल, हे प्रश्न विचारीत बसलों तर धंदा परदेशीं जाईल. ही भीति निराधार नाहीं. गिरण्यांच्या बाबतींत जपानची स्पर्धा खरी होती, आणि जुनीं यंत्रें कवटाळून बसल्यानेंहि कामगाराचें कल्याण झालें नाहीं. म्हणूनच साधन अडविण्यांत मला हांशील दिसत नाहीं. तें येण्यापूर्वीं अटी ठरविण्यांत मात्र आहे. साधन रुळल्यावर अटी घालूं जाणाऱ्याच्या हातीं १९८२ येतें. आधीं ठरविणाऱ्याच्या हातीं निदान १९६० सालचा तो करार येतो.

मागील आठवड्यांत मीं हें सर्व त्या विद्यार्थिनीला सांगितलें. काम उरेल कीं नाहीं, हें मला सांगतां येत नाहीं. पण जें काम बदलेल त्यांतून वांचलेला वेळ कोणाचा, हें नोकरीच्या पहिल्या दिवसापासून विचारीत जा, असें मीं तिला म्हटलें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारिलें, "सर, पण आम्ही कचेरींतली माणसें. आमच्या वतीनें विचारणार कोण ?" तेव्हां मला लोखंड्यांची आठवण झाली. गिरणी कामगारांचे हे पहिले पुढारी स्वतः सांच्यावर उभे राहणारे नव्हते. ते शिकलेले होते, लेखणीच्या नोकऱ्या करीत होते, गिरणींतहि कोठारावर नेमलेले होते. माझ्या वडिलांसारखीच त्यांचीहि वही होती. पण तिच्यांत त्यांनीं मालाच्या नोंदींबरोबर माणसांच्या सह्याहि गोळा केल्या. हें मीं तिला सांगितलें, आणि पुढच्या तासाची घंटा झाली.